‘गेट’चे सत्तावीस अर्थ

३ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलं आहे, कारण एक काम अंगावर घेतलं आहे आणि त्याची नोंद कुठेतरी असावी.

आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात एकोणीस वर्षं काम करते. आठ बायका आहेत तिथे. काल त्यांना सांगण्यात आलं की जुनी यंत्रं काढून एकच मोठं यंत्र येणार आहे. धुणं, वाळवणं, इस्त्री, घड्या, सगळं तेच करणार. ते चालवायला चारच बायका लागतील. यंत्राच्या पडद्यावरची अक्षरं इंग्रजी आणि ते अडलं तर ज्या तंत्रज्ञाला विचारायचं तोही इंग्रजीच बोलणारा. म्हणून अठ्ठावीस तारखेला तो येऊन प्रत्येकीशी इंग्रजीत बोलेल आणि त्यातून चार जणी निवडेल. उरलेल्या चौघींना घरी बसावं लागेल.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, तीही इंग्रजी घेऊन. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी असो की बँकेचं पत्र, सगळं माझ्यापुढे येतं. तेव्हा ही वेळ माझीच आहे असं मला वाटलं. आईला त्या चौघींत बसवायचंच. जमलं तर आठही जणींना इतकं इंग्रजी यावं की निवडताना त्यांची पंचाईत व्हावी.

पंचवीस दिवसांत एक भाषा कशी शिकवायची, यावर दिवसभर डोकं खाजवलं. मग वाचनालयातला सगळ्यात जाड शब्दकोश काढून बसले. त्यात सर्वांत जास्त जागा कुठल्या भारदस्त शब्दानं अडवली नव्हती, ‘गेट’ या तीन अक्षरी क्रियापदानं अडवली होती. मिळणं, होणं, पोचणं, आणणं, समजणं, उठणं, उतरणं, सुटणं. जवळपासचे अर्थ एकत्र केले तरी सत्तावीस झाले. म्हणजे हे एक क्रियापद आलं की निम्मं बोलणं आलं.

जेवताना हा बेत सांगितला. आई माझ्याकडे बघत होती, म्हणाली चांगलं आहे. बाबांचं सुतारकामातलं मोजमाप लगेच सुरू झालं. म्हणाले, “आठ बायका आणि एक क्रियापद. भांडणं होतील.”

५ फेब्रुवारी

पहिला वर्ग. दुपारची पाळी सुटल्यावर, घड्या घालायच्या खोलीत. बायका चादरींच्या गठ्ठ्यांवर बसल्या. फळा म्हणून कपाटाचं लोखंडी दार.

मी खडूनं ‘गेट’ लिहिलं. वकीलबाई (कुठल्याही गोष्टीवर वाद घालते म्हणून तिला सगळ्या असं म्हणतात) म्हणाली, गेट आम्हाला माहीत आहे, वॉचमन रोज तिथेच अडवतो. सगळ्या हसल्या. मी सांगितलं की हे ते गेट नव्हे, हे क्रियापद आहे, आणि याची इतकी इतकी कामं आहेत. भोंगा मावशी म्हणाली, एवढी कामं एकट्याच्या गळ्यात घातलीत, त्याला रजा कधी?

भोंगा मावशी आईची जोडीदारीण. इस्त्रीच्या गरम रोलरवर आई अलीकडून ओली चादर आत सोडते आणि मावशी पलीकडून ती ओढून घेते. तिचा आवाज एवढा मोठा आहे की ती वर्गात पुटपुटली तरी बाहेरच्या व्हरांड्यातले लोक वळून बघतात.

वर्ग चांगला झाला. एकच गोष्ट खटकली. आई अगदी पुढे बसली होती आणि सारखी माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मी फळ्याकडे वळून लिहिता लिहिता प्रश्न विचारला की सातजणी एका सुरात उत्तर देत, आई गप्प. मला वाटलं, मुलगी शिकवते याचं कौतुक तिला आवरत नाही आणि त्यात शिकणं राहून जातं.

९ फेब्रुवारी

आज माझीच दांडी उडाली. ‘गेट वेट’ म्हणजे भिजणं आणि ‘गेट अ लेटर’ म्हणजे पत्र मिळणं, इथपर्यंत आल्या. मग ‘गेट ओल्ड’. नवी म्हणून जी मुलगी आहे, दोन वर्षांपूर्वी लागलेली, तिनं विचारलं, म्हातारपण काय मिळतं का, ताई? भोंगा मावशी म्हणाली, न मागता मिळतं.

नवीला नियम हवा होता. कुठे मिळणं धरायचं आणि कुठे होणं, ते ओळखायचं कसं? मी विद्यापीठात तीन वर्षं इंग्रजी शिकले. तरी संदर्भावरून, एवढंच म्हणाले. वकीलबाईनं लगेच पकडलं: म्हणजे नियम नाहीच.

तेव्हा भोंगा मावशी म्हणाली की आपल्या ‘लागणं’ला तरी कुठे आहे. “मला नोकरी लागली. मग धाप लागली, मग मशीनला हात लागला, मग मुलीला चष्मा लागला. भूक लागते, दार लागतं, थेट मनाला लागतं. कधी नियम विचारला का आपण?”

मग सगळ्यांना चेवच आला. ठेच लागते, झोप लागते, नंबर लागतो, कामाला लागतो, पाणी उकळायला लागतं. पोरीचं लग्न लागतं आणि आपल्याला घोर लागतो. चाळीसच्या वर झाले आणि एकीलाही अडखळायला झालं नाही. मला तर आता मराठीचीच भीती वाटायला लागली आहे.

हे सगळं आटोपल्यावर, आम्ही दुसऱ्या वाक्याकडे वळलो असताना आई मध्येच म्हणाली, “धाप लागते, ते पण आहे.” मावशी पाच मिनिटांपूर्वी तेच म्हणाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कोणी हसलं नाही. उलट वकीलबाई, जी कुणाला सोडत नाही, ती म्हणाली, बरोबर, ते राहिलंच होतं. मावशीनं आईला मान डोलावून दाखवली.

त्या सगळ्या माझ्याकडे बघून आईची भीड धरतात का? तसं असेल तर ते बरं नाही.

१२ फेब्रुवारी

माझ्या आवाजात वीस वाक्यं फोनवर रेकॉर्ड केली आणि सगळ्यांना पाठवली. काम करता करता कानावर पडत राहिली तर जिभेवर बसतील. नवीनं पाठही केली.

आईनं फोन कानाला लावला, थोडं हसली, परत दिला. काय म्हटलंय त्यात, मी विचारलं. “छान आहे,” म्हणाली. अगं, छान म्हणजे काय, अर्थ सांग. तिनं विषय बदलला.

आणि मग संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी, समोरासमोर बसून मी तीच वाक्यं सहज म्हणून विचारली. डिड यू गेट होम लेट? व्हेन डू यू गेट अप? पटापट उत्तरं. एक नाही चुकली. ‘आय डोंट गेट इट’ म्हणजे मला समजलं नाही, हे मी अजून शिकवलंही नव्हतं. तिनं माझा चेहरा पाहून ओळखलं.

मला काही कळेनासं झालं आहे. दुपारी कोरी पाटी आणि संध्याकाळी वर्गात पहिली. हा हट्टीपणा आहे की माझ्या पद्धतीत खोट आहे?

टीव्हीचा आवाजही ती इतका मोठा ठेवते की वाचता येत नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, असू दे. ते तिला हाकही मारत नाहीत. खोलीच्या दाराशी येऊन दिव्याचं बटण दोनदा खाली-वर करतात आणि ती वळून बघते. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली आणि यांची थट्टा अजून चालूच.

१६ फेब्रुवारी

आज लवकर गेले, पाळी संपायच्या आधी. रोलर चालू असताना त्या खोलीत बोलणं अशक्य आहे, आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. रोलर छातीइतका उंच. वाफेतून आई आणि मावशी, दोघींचे चेहरे तेवढे एकमेकींना दिसतात. आणि त्या बोलत होत्या. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. एक मोठी गोष्ट सांगून झाली असावी, कारण आई एकदम हसायला लागली आणि चादर तिरकी गेली.

मी तिथे उभी असताना मावशीनं ओठांनी काहीतरी विचारलं आणि आईनं मोठ्यानं, इंग्रजीत, उत्तर दिलं: “अ‍ॅट सिक्स.” त्या गेटची वाक्यं घोकत होत्या. मला भरून आलं. मी रेकॉर्डिंगवर एवढी मेहनत घेतली आणि यांनी स्वतःची शाळा काढली.

बाहेर आल्यावर मावशीला गमतीनं विचारलं, आत एवढं गुपचूप बोलता, मग बाहेर एवढा भोंगा का? म्हणाली, सवय गं, समोरच्याप्रमाणे बोलावं लागतं.

आत समोर आईच असते आणि बाहेरही आईच असते. मग सवय कसली, ते समजलं नाही.

१९ फेब्रुवारी

नको ते झालं. साहेबांनी (धुलाईखान्याचे प्रमुख, त्यांना सगळे साहेबच म्हणतात) आज सांगितलं की तंत्रज्ञ येणार नाही. तो दुसऱ्या शहरातून फोनवर बोलेल. पुढेही फोनवरच बोलायचं आहे, तर परीक्षाही तशीच व्हावी. मला तर हे सोपंच वाटलं. समोर माणूस नाही म्हणजे दडपण नाही.

घरी आल्या आल्या आई म्हणाली, मी परीक्षेला बसणार नाही.

मी कारण विचारलं. म्हणाली, वय झालं. मी म्हटलं, भोंगा मावशी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. म्हणाली, तिचं वेगळं. मी समजावलं, पाया पडायची बाकी राहिले. तुझ्याच तोंडानं तू मला सांगितलंस ना, घरी बसवलं तर महिन्याभरात वेड लागेल म्हणून? त्यावर ती उठली आणि भांडी घासायला लागली. माझ्याकडे पाठ. नळ सोडलेला.

मग माझा तोल गेला. मी त्या पाठीला म्हणाले, “तुला शिकायचंच नाहीये. मी शिकले त्याचा तुला एवढाही उपयोग नसेल तर कशाला शिकवलंत? माझी आई आहे म्हणून सांगायची लाज वाटते मला त्या वर्गात.”

ती वळली नाही. एक पातेलं स्वच्छ झालं होतं, तेच विसळत राहिली.

२० फेब्रुवारी

आई नेहमीसारखी बोलते आहे. डबा भरून दिला, रुमाल विसरले तर मागे धावत आली. तेच जास्त लागतंय.

२२ फेब्रुवारी

दुपारी भोंगा मावशी घरी आली आणि मला बाहेर जिन्यात घेऊन गेली. शक्य तितक्या हळू बोलली, म्हणजे आपण एरवी बोलतो तेवढं.

आईला ऐकू येत नाही.

सहा वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवा. समोरून, जवळून, मोठ्यानं बोललं तर थोडं येतं. बाकी सगळं ती ओठांवरून घेते. रोलरच्या आवाजात सगळ्याच ओठांनी बोलतात, त्यामुळे कामात कधी अडलं नाही. फोनमध्ये मात्र काहीच नाही.

मी पायरीवर बसले. कोणाकोणाला माहीत आहे, असं विचारलं. “आम्हा सात जणींना. तुझ्या बाबांना.”

“मला का नाही सांगितलं?”

मावशी कठड्याला टेकली. मग म्हणाली, “आधी तुझ्या परीक्षा होत्या. नंतर तू फार खरं बोलायला लागलीस. तू तपासणीला नेलं असतंस, अर्ज लिहिला असतास, सरळ साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला असतास. चांगल्या मनानंच केलं असतंस गं. पण तुझी आई घरी बसली असती.”

मी नाही म्हणू शकले नाही. मी हे सगळं, ह्याच क्रमानं, केलं असतं.

आईला सांगू नकोस की मी सांगितलं, असं मावशी म्हणाली. पण मी रडत आत गेले आणि आईनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिला सांगावं लागत नाही. तिनं माझे डोळे पदरानं पुसले आणि मोठ्यानं म्हणाली, “गेट वेल सून.” मी हसले, मग पुन्हा रडले.

आता एकच विचार डोक्यात आहे. तिनं त्या दिवशीचं ऐकलं का? पाठ होती, नळ चालू होता. ऐकलं नसेल तर माफी मागायला मला ते वाक्य आधी तिला सांगावं लागेल. ऐकलं असेल आणि मी गप्प राहिले, तर?

२३ फेब्रुवारी

मावशीचा बेत असा आहे. रोलरवर एकटी बाई कधी उभी राहत नाही, चटका बसला तर बंद करायला दुसरी हवीच. तेव्हा परीक्षेलाही जोडीनं बसू द्या, एकटं बोलायची आम्हाला सवय नाही, असं सगळ्यांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी हो म्हणून टाकलं. फोनमधून प्रश्न आला की मावशी तो ओठांनी आईला सांगणार आणि आई उत्तर देणार.

ही फसवणूक आहे का? दोन पानं लिहून फाडली. मी आयुष्यात कॉपी केलेली नाही, शेजारचीला पट्टीसुद्धा परीक्षा संपल्यावर दिली आहे. आणि आज तीन तास बसून मावशीचे ओठ घडवत होते.

त्यात एक भलतीच गोष्ट ध्यानात आली. आरशासमोर ‘गेट’ म्हणून पाहिलं. ‘ग’ घशातून येतो, ‘ट’ला जीभ आतल्या आत टेकते. बाहेर काही म्हणता काही दिसत नाही. इंग्रजीतल्या हजारो शब्दांतून मी आईसाठी नेमका न दिसणारा शब्द निवडला. मग ती इतके दिवस तो ओळखत होती कसा? विचारलं तर म्हणाली, जिथे काहीच दिसत नाही तिथे तुझा तो शब्द ठेवते. बाकीच्या वाक्याकडे बघून त्याचा अर्थ लावते.

नवीला हा नियम सांगता आला असता.

२८ फेब्रुवारी

साहेबांच्या खोलीला अर्धी काच आहे. मला आत प्रवेश नव्हता, पण बाकावरून सगळं दिसत होतं आणि दार नीट लागत नाही, त्यामुळे ऐकूही येत होतं. टेबलावर फोन, त्याच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या.

आई आणि मावशीची जोडी तिसरी होती. आधी आईची पाळी. तंत्रज्ञाचा आवाज बारीक, थोडा कंटाळलेला. नाव, किती वर्षं काम, सकाळी कामावर कधी पोचता. मावशीचे ओठ हलत, आई उत्तर देई. मध्ये जो क्षण जाई तो कुणालाही विचार करण्याचा वाटावा इतकाच. कापड अडकलं तर काय कराल? आईनं सांगितलं: आधी उष्णता बंद, मग उलटं फिरवायचं, ओढायचं नाही. तंत्रज्ञाचा कंटाळा गेल्यासारखा वाटला. त्यानं आणखी दोन प्रश्न विचारले, तेही गेले.

मग तो म्हणाला की समजा यंत्राची घंटा वाजते आहे आणि मी फोनवरून तुम्हाला काय करायचं ते सांगतो आहे. मावशीनं तेवढं सांगितलं. आई तिच्याकडे बघतच राहिली.

मला वाटलं, प्रश्न कळला नाही. कळला होता. आईनं फोनकडे बघितलं, आणि माझ्या वर्गातल्या त्या एवढ्याशा इंग्रजीत म्हणाली:

“आय डोंट हिअर. शी हिअर्स फॉर मी. फोन, नो. यू राइट, आय गेट इट.”

साहेब खुर्चीतून उठले. मावशीचा चेहरा उतरला. मग तंत्रज्ञानं सावकाश एक प्रश्न विचारला आणि मावशीनं, आता लपवायचं काही उरलंच नव्हतं तरी आवाज न काढता, तो पुढे केला. ऐकू येत नाही तर यंत्राचा आवाज बदललेला तुम्हाला कसा कळणार?

आईनं टेबलावर तळवा ठेवला. तो काही त्याला दिसणार नव्हता. “हँड गेट्स इट फर्स्ट,” ती म्हणाली. मग मराठीत साहेबांना म्हणाली की गेल्या वर्षी रोलरचा पट्टा तुटायच्या दोन दिवस आधी मीच तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही हसला होतात. साहेबांनी ते फोनवर भाषांतर करून सांगितलं, हसल्याचं सोडून.

आई बाहेर आली. मी तिला मिठी मारली. मला तिचा इतका अभिमान वाटत होता की मला दुसरं काही सुचलंच नाही.

आत मावशीची पाळी सुरू होत होती. आई परत आत वळली, पण साहेबांनी दारातच हात आडवा केला. आता जोड्या बंद. हे असलं चालायचं असेल तर प्रत्येकीनं एकटीनं बसायचं.

मावशी एकटी बसली. समोरची खुर्ची रिकामी. आणि मग जे झालं त्याचा मला अजून उलगडा होत नाही. तंत्रज्ञानं पहिला प्रश्न विचारला, अगदी साधा, व्हेन डू यू गेट अप. मावशीनं समोरच्या खुर्चीकडे बघून, ओठ मोठे करून, तोच प्रश्न परत म्हटला. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच. पुढच्या प्रश्नालाही तसंच. प्रत्येक प्रश्न अचूक, एक शब्द न गाळता, रिकाम्या खुर्चीला. आणि मग खुर्चीकडे बघत थांबायची.

उत्तरं तिला येत होती. सगळी. मी स्वतः घेतली होती तिच्याकडून. घाबरली असेल का? चौथ्या प्रश्नानंतर साहेब म्हणाले, बाई प्रश्नच परत म्हणतेय, पुढचीला पाठवा.

काचेतून आई हे सगळं बघत होती. बाहेरून तिनं ओठांनी काहीतरी सांगितलंही. पण मावशीची तिच्याकडे पाठ होती.

४ मार्च

यादी लागली. आई आहे. नवी आहे. आणखी दोघी आहेत. आईच्या नावापुढे लिहिलं आहे की हिच्याशी पडद्यावर लिहून संपर्क साधावा. वकीलबाई नाही, ती तंत्रज्ञाशी वाद घालत बसली होती की यंत्रात आठ जणींचं काम असताना चार कशा पुरतील. भोंगा मावशी नाही.

मावशीनं यादी वाचली आणि म्हणाली, बरं झालं, आता घरी बसून हळू बोलायला शिकेन, आमचे हे कधीचे मागे लागलेत. सगळ्या हसल्या. आई हसली नाही. तिनं यादी दोनदा वाचली आणि पुढे होऊन मावशीचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

मी ज्यासाठी हे सगळं केलं ते झालं. आई यंत्रावर राहिली. मग घरी शोककळा का आहे? मी आईला म्हटलं, तू खरं बोललीस. त्या खोलीत खरं बोलणारी तू एकटी होतीस. मी समोर उभी राहून म्हणाले, सावकाश, तिला दिसेल असं.

“हो,” आई म्हणाली. “खरं मी बोलले आणि बाहेर ती गेली.”

मी साहेबांकडे जाऊन आले. मावशीला पुन्हा संधी द्या, आई समोर बसली तर ती नीट बोलेल, असं सांगितलं. ते म्हणाले, यंत्रासमोर दोन माणसांची जागा नाही. अर्जही दिला आहे. त्यांनी तो घेतला आणि खणात टाकला.

९ मार्च

जुन्या रोलरचा शेवटचा दिवस. उद्या तो खोलून नेणार. मला तिथे काही काम नव्हतं, तरी गेले.

शेवटची चादर आईनं आत सोडली, मावशीनं पलीकडून घेतली, घडी घातली. साहेबांनी खटका खाली ओढला. रोलर अजून थोडा फिरला आणि थांबला. त्या खोलीत मी शांतता कधी ऐकली नव्हती. पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. मावशी काहीतरी बोलली आणि तिचा आवाज भिंतीवर आपटून आला, तशा सगळ्या दचकल्या. तिनं आवाज खाली आणला. पण मग आई म्हणाली, काय? आणि मावशीनं तो पुन्हा वर नेला.

थोड्या वेळानं दोघी आपापल्या जागी उभ्या राहून, मध्ये बंद रोलर, ओठांनीच बोलायला लागल्या. आता तसं बोलायची गरज नव्हती. मी खूप बघितलं. एकही शब्द लागला नाही.

मग मावशीनं मला बोलावलं आणि स्वतःच्या जागेवर उभं केलं. उजेड तोंडावर येऊ दे, म्हणाली. मान वर. तोंड वेंगाडायचं नाही, नुसतं सावकाश. आणि ती बघते आहे की नाही ते आधी बघायचं, मग बोलायचं. एवढं सांगून ती खिडकीशी गेली आणि घातलेल्याच घड्या पुन्हा घालत बसली.

आई समोरून बघत होती. मी पंधरा दिवस जे विचारू शकले नव्हते ते आवाज न काढता विचारलं. त्या दिवशी तू भांडी घासत होतीस तेव्हा मी मागून जे बोलले, ते तुला कळलं होतं का?

मला वाटलं, माझे ओठ तिला समजले नाहीत. ती इतका वेळ थांबली. मग तिनं उत्तर दिलं, तसंच, आवाज न काढता.

मला कळलं नाही. पुन्हा सांग, म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं. मी मावशीकडे वळले, तिनं ऐकलं असेल तर सांगेल म्हणून, पण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. ती मान न वळवता म्हणाली, “ते तुमचं तुम्ही बघा.”

आईनं तिसऱ्यांदा सांगितलं, सावकाश, मुलाला शिकवावं तसं. तीन शब्द होते. पहिला ‘हो’ असावा, कारण ओठ गोल झाले. पण ‘तो’लाही ओठ गोल होतात आणि ‘कोण’लाही, मी घरी येऊन आरशात पाहिलं. शेवटच्या शब्दाला ती थोडी हसली होती. मधल्या जागी काहीच दिसलं नाही.

उद्या पुन्हा विचारणार आहे. उजेडात.